एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो

"ताप नाही ना?"

"नाही गं. छान आहे."

"सर्दी, खोकला?"

"काही नाही."

"संध्याकाळी खाली खेळायला गेली होती?"

"नाही. बसून चित्रं काढत होती."

"मग द्या आई. एक दिवस चुकवायचा नाही."

"हो, हो. जुईचं जेवण झालंय, माझंही आत्ताच झालं. दह्यात कालवते नि देते. तू खाल्लंस का काही?"

"खाल्लं," मी सासूबाईंना खोटंच सांगितलं आणि कानातल्या इअरफोनचं बटण दाबून फोन बंद केला.

रॉटरडॅमच्या बंदराजवळच्या एका शीतगृहात मी उभी होते. अंगात कंपनीने दिलेलं जाडजूड जाकीट, हातात मोजे, फोन आतल्या खिशात. समोर आमच्या पिंपळगावच्या द्राक्षांच्या पेट्या रचलेल्या होत्या. दर वीस पेट्यांतली एक उघडायची, मण्यात सुई खुपसून आतलं तापमान बघायचं, देठ अजून हिरवा आहे का ते पाहायचं. हंगामातून एकदा तरी कंपनी मला इकडे पाठवते. पाच वर्षांच्या मुलीला नाशिकला सोडून यायचं म्हणजे माझा जीव अर्धा तिकडेच असतो, पण यंदा नाही म्हणता आलं नाही.

जुईला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दोन वर्षांची असताना कुणीतरी लाडाने चिक्कीचा तुकडा भरवला, आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. त्या दिवसापासून सासूबाईंनी कुटाचा डबा खालच्या शेवाळे वहिनींच्या घरी नेऊन ठेवला. ज्या बाईच्या हाताला भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत कूट टाकल्याशिवाय चैन पडत नव्हतं, ती तीन वर्षं कुटाशिवायची साबुदाण्याची खिचडी खातेय. "रबर चावल्यासारखं लागतं," म्हणते आणि खाते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी उपचार सुरू केला. शेंगदाण्याची मोजून दिलेली पावडर, आधी कणभर, मग हळूहळू वाढवत, रोज. शरीराचे पहारेकरी शेंगदाण्याला चोर समजून घंटा वाजवतात, तर त्यांना रोज थोडा थोडा दाखवून ओळख करून द्यायची. मात्र अंगात ताप असला, पोरगी दमलेली असली, तर तेच पहारेकरी बिथरतात. कालपर्यंत पचलेली मात्रा त्या दिवशी घातक ठरू शकते. म्हणून आधी तीन प्रश्न. डॉक्टर म्हणाले होते, "घरातल्या मोठ्या माणसाने बघून ठरवायचं." मी मात्र घरात सांगितलं होतं की मला विचारल्याशिवाय द्यायची नाही. कुठेही असले तरी.

"म्हणजे मला ताप कळत नाही?" सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं. "दोन पोरं वाढवली मी."

"तसं नाही आई. मला चैन पडत नाही."

"तुला कशानेच पडत नाही." पण त्या दिवसापासून रोज फोनची वाट बघायच्या.

आणि फोन म्हणजे 'अखंड'. आमच्या फोन कंपनीने परदेशात जाणाऱ्यांसाठी ही सेवा काढली, त्याला आता दोन वर्षं होतील. आवाज एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, समुद्राखालच्या केबलमधून धावतात, आणि वाटेत गर्दी झाली की काही तुकडे हरवतात. पूर्वी अशा वेळी "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत बसावं लागे. अखंडमध्ये तुम्ही ज्यांच्याशी नेहमी बोलता त्यांच्या आवाजाचा ठसा तुमच्या फोनमध्ये राहतो. नुसता सूर नाही, त्यांच्या बोलण्याच्या सवयीसुद्धा. तुकडा हरवला की फोन अंदाजाने तो भरतो. "जे...लीस का" असं आलं तर तुम्हाला "जेवलीस का" असंच ऐकू येतं.

सुरुवातीला एखादं अक्षर, मग शब्द, मग वाक्य. लोकांना आवडलं. तक्रारी बंद झाल्या, तशी कंपनीने मोकळीक वाढवत नेली. अंदाज चालू असताना स्क्रीनवर नारिंगी ठिपका दिसला पाहिजे, एवढाच काय तो नियम. पण बोलताना स्क्रीनकडे बघतं कोण? माझा फोन खिशात असतो. सासूबाईंचा ओट्यावर, स्पीकरवर. आणि त्यांचा चष्मा बाहेरच्या खोलीत.

मलाही ते आवडायचं. इथे आल्याच्या पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी फोनवर रडले होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू निर्धास्त राहा. तुझ्याइतकी जीव लावणारी आई मी पाहिली नाही." सहा वर्षांत पहिल्यांदा असं काही ऐकलं. ते वाक्य मी तीन दिवस जपून वापरत होते, थंडीत एखाद्याने खिशात गरम पाण्याची बाटली ठेवावी तसं.

शीतगृहाच्या बाहेरच्या खोलीत मारिके जेवायला बसली होती. ती इथली तपासनीस. मी मोजे काढले, पिशवीतून डबा काढला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"राजगिऱ्याचे लाडू. सासूबाईंनी दिलेत. उपासाला चालतात."

"आज उपास आहे तुझा?"

"माझा नाही. त्यांचा. आज चतुर्थी, चंद्र उगवेपर्यंत त्या..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला.

सकाळी त्यांनी गणपतीला वाहिलेल्या जास्वंदीचा फोटो पाठवला होता. 'आज संकष्टी. चंद्र साडेनऊनंतर. लाडू खा.' इथे दुपारचे तीन वाजत होते, म्हणजे तिकडे साडेसात. चंद्र उगवायला दोन तास होते. ऐन बाळंतपणाच्या धावपळीत, मला कळा येत असतानासुद्धा, दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन चंद्र बघून आलेली बाई. ती म्हणाली, माझंही आत्ताच जेवण झालं?

खिशातून फोन काढला आणि पुन्हा लावला. या वेळी डोळे स्क्रीनवर.

"हॅलो, बोल गं," सासूबाई म्हणाल्या.

ठिपका नारिंगी होता.

"आई, घराला आग लागलीय का?"

"नाही गं. सगळं छान आहे. तू खाल्लंस का काही?"

तोच आवाज, शेवटच्या अक्षरावर किंचित उतरणारा. मागे कुकरची शिट्टीही वाजली. संकष्टीच्या दिवशी, ज्यांच्या घरी भात चंद्रोदयाच्या बेताने चढतो त्यांच्याकडे.

"जुईकडे द्या फोन."

"आई!" जुईचा आवाज आला. "तू कधी येणार?"

"जुई, तू पावडर खाल्लीस?"

"आई, तू मला काय आणणार?"

नारिंगी. नारिंगीच. माझी लेक तिकडे कुठल्या खोलीत काय करत होती कोण जाणे, आणि इथे माझ्याच खिशातलं यंत्र तिच्या आवाजात लाडीगोडी करत होतं. "आई, ऐक ना," ती म्हणाली, आणि मी तिचा फोन मध्येच कापला. पोरीच्या आवाजावर असा फोन आपटायची वेळ कुठल्या आईवर येऊ नये.

मेसेज पाठवला: पावडर देऊ नका. एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. शेवाळे वहिनींना फोन लावला. 'संपर्क होऊ शकत नाही.' त्यांचा ठसा माझ्या फोनमध्ये नव्हता, म्हणून तेवढा एक फोन खरं बोलला. माझा नवरा सुजय औषध कारखान्यात दुसऱ्या पाळीला. त्याचा फोन गेटवरच्या कप्प्यात.

मारिकेने तिच्या फोनवर बातमी पाहिली. "केबल तुटली आहे कुठेतरी. भारताकडची बरीचशी लाईन बंद आहे."

"पण मी आत्ता सासूबाईंशी बोलले!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिलाही कळलं.

मी बोलले होते माझ्या फोनशी; दुसरा फोन तर लागलाही नव्हता. पहिला लागला आणि लगेच लाईन तुटली असणार, म्हणजे तिकडे त्याच वेळी सासूबाई त्यांच्या फोनशी बोलत होत्या. मी इकडे तीन प्रश्न विचारले, त्यांची रोजची उत्तरं मला मिळाली. मग तिकडे त्यांना माझं कुठलं उत्तर मिळालं असेल? मी रोज काय म्हणते?

एक दिवस चुकवायचा नाही.

"साधा फोन आहे का कुठे?" मी विचारलं. "तारेचा?"

गोदीच्या ऑफिसात होता. जहाजांशी बोलायला ठेवलेला, उपग्रहावरून जाणारा. जुना काळा रिसीव्हर, वेटोळ्याची वायर. आवाज जातो तसा येतो, फक्त उशिरा. मारिकेने ऑफिसातल्या माणसाला काय सांगितलं माहीत नाही, पण तो खुर्चीवरून उठला.

सासूबाईंचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली.

त्या उचलणार नव्हत्या. मीच शिकवलं होतं. आवाजांच्या नकला करून लोकांना लुटायचे प्रकार वाढले तेव्हा मी त्यांना समोर बसवून घोकून घेतलं होतं: परदेशातला अनोळखी नंबर उचलायचा नाही. अगदी मी बोलतेय असं कुणी म्हटलं तरी नाही. "आणि चुकून उचलला तर?" त्यांनी विचारलं होतं. "तर ठेवून द्यायचा." शहाण्या विद्यार्थिनीसारखी त्यांनी मान हलवली होती.

आता ओट्यापाशी उभं राहून, डोळे बारीक करून फोनवर नाचणारा परका नंबर बघत, त्या शहाण्यासारख्या वागत होत्या.

विमानतळावर निघताना त्या काय म्हणाल्या होत्या? "पोचलीस की मिस्ड कॉल दे."

मी हसले होते. "आई, आता कुणी मिस्ड कॉल देत नाही. बोलते ना मी."

माझे सासरे, तात्या, द्राक्षाचा ट्रक घेऊन सिलिगुडीपर्यंत जायचे. राज्याची हद्द ओलांडली की रोमिंग लागायचं. समोरून आलेला फोन उचलला तरी मिनिटाला पैसे कापले जायचे. म्हणून नवरा-बायकोने ठरवून घेतलं होतं. एक रिंग देऊन कापली तर पोचलो, काळजी नको. लागोपाठ दोनदा कापली तर पुढचा फोन उचल, पैसे जाऊ देत. "आमचा अर्धा संसार मिस्ड कॉलवर झाला," त्या सांगायच्या. "दोन मिस्ड कॉल उभ्या जन्मात तीनदाच आले-गेले. एकदा ट्रक उलटला तेव्हा, एकदा सुजय पास झाला तेव्हा, आणि शेवटचा तात्या दवाखान्यात होते तेव्हा."

मी नंबर फिरवला. एक रिंग. कापला.

पुन्हा फिरवला. एक रिंग. कापला.

तिसऱ्यांदा फिरवताना बोट दोनदा चुकीच्या आकड्यावर गेलं. रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास.

"आई, मी गौतमी."

शांतता. माझे शब्द आभाळात चढून खाली उतरेपर्यंतची.

"गौतमीशी मघाशीच बोलले मी," सासूबाईंचा आवाज आला. खरखरीत, थकलेला, संशयी. "कोण तुम्ही?"

"मघाशी बोलली ती मी नव्हते. लाईन तुटलीय. आई, जुईला पावडर देऊ नका!"



"आवाज तुझ्यासारखा वाटत नाही. फोनवर तू गोड बोलतेस." त्या थांबल्या. "पण रिंग आमच्या घरातली आहे. बोल."

"पावडर दिली?"



"दिली. तूच म्हणालीस ना! मी म्हटलं, अंग कोमट लागतंय गं, आज राहू दे. तू म्हणालीस, द्या आई, एक दिवस चुकवायचा नाही. मी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच."

"कशी आहे ती आत्ता?"

"ओठ खाजवतेय. मघापासून खाकरतेय सारखी. मला वाटलं दही आंबट..." आणि मागून मला तो ऐकू आला. बारीक, शिट्टीसारखा श्वास. यंत्राने कधीच भरला नसता असा.

"आई, फ्रिजशेजारच्या कप्प्यातलं इंजेक्शनचं पेन घ्या. पिवळ्या डब्यात आहे. फोन स्पीकरवर टाका."

पावलं. कप्पा आपटल्याचा आवाज. "सापडलं. अगं पण शेवाळेंच्या सुनेला बोलावते, ती नर्सिंग—"

"वेळ नाही. तुम्हीच द्यायचं."

"माझे हात कापतात."

"माझेही कापतायत. जुईला आडवं करा. निळं टोपण ओढून काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, टक् वाजेपर्यंत दाबा. आणि दहा म्हणेपर्यंत काढू नका."

मग शांतता.

अखंडच्या जमान्यात आपण शांतता विसरलो आहोत. कुणीतरी भरून टाकतं ती, गोड शब्दांनी. इथे कुणी भरत नव्हतं. काळ्या रिसीव्हरवर ठिपका नव्हता, नारिंगी नाही की हिरवा नाही. माझे शब्द पोचले का, टोपण निघालं का, जुई अजून श्वास घेतेय का, कशाचंच उत्तर नव्हतं. मी कान इतका दाबून धरला होता की कानाची पाळी दुखायला लागली. ऑफिसातला तो माणूस भिंतीला टेकून खाली बघत होता. नाशिकच्या माझ्या स्वयंपाकघरातली घरघर ऐकू येत होती, फ्रिजची असावी.

आणि एकदम जुई किंचाळली. कर्कश, संतापलेली, फुप्फुसं भरून. "आजी तू वाईट आहेस!"

मी खाली बसले. वायर ताणली गेली तसा फोन टेबलावरून सरकला. मारिकेने तो धरला.

"दिलं," सासूबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "दिलं गं मी."

"आता दवाखान्यात न्या. लगेच. बरं वाटलं तरी न्या, पुन्हा त्रास होऊ शकतो. जाताना तिला आडवीच ठेवा, उठू देऊ नका."

"फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

त्यानंतर जिना ऐकू आला, शेवाळे वहिनींचा ओरडा, गाडीचं दार, द्वारका चौकातले हॉर्न. मधेच जुई विचारत होती, "आई बोलत का नाही?" मी बोलत होते, तिच्यापर्यंत उशिरा पोचत होते, एवढंच. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा "वेळेत आणलंत" हा आवाज ऐकला तेव्हा कुठे मी जमिनीवरून उठले.

रात्रभर तिला तिथेच ठेवलं. दहाच्या सुमारास, त्यांच्या घड्याळाप्रमाणे, त्याच काळ्या फोनवरून पुन्हा बोललो.

"झोपलीय," सासूबाई म्हणाल्या. "श्वास शांत आहे. माझा हात आहे तिच्या छातीवर."

"उपास सोडलात?"

मग म्हणाल्या, "खिडकीतून दिसला चंद्र. झोपायच्या आधी जुईने नर्सबाईंनी दिलेलं बिस्कीट अर्धं मला ठेवलं होतं. त्यावर सोडला."

चार दिवसांनी मी घरी पोचले. जुईच्या मांडीवर अजून निळसर डाग होता, आणि तो ती येईल त्याला दाखवत होती. उपचार डॉक्टरांनी काही आठवडे थांबवला. पुन्हा सुरू झाला तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आता मला विचारू नका. अंग कोमट लागलं तर लागलं. तुम्ही ठरवा."

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा सोलत राहिल्या, मटाराच्या.

माझ्या मनातली एक गोष्ट मात्र जाईना. दोन-तीनदा तोंडाशी आली, परत गेली. शेवटी विचारलंच.

"आई, मी तिकडे गेले त्याच दिवशी फोनवर तुम्ही एक म्हणाला होतात. माझ्याइतकी जीव लावणारी आई तुम्ही पाहिली नाही म्हणून."

"मी?" त्यांचा हात थांबला. "मी नाही बाई असलं काही बोलणार."

"म्हणजे तेही फोननेच..."

"काय माहीत." त्या पुन्हा सोलायला लागल्या. एक दाणा निसटून ओट्याखाली गेला, तो वाकून उचलला, फुंकून भांड्यात टाकला. "आणि असलं कुणी तोंडावर बोलतं का? नजर लागते."

अखंड आम्ही दोघींनीही बंद करून टाकली. आता फोनवर आमचं बोलणं तुटतं, "काय म्हणालीस?" करावं लागतं, आणि माझा आवाज चिडका आहे हे त्यांना आता परदेशातूनही कळतं. "ती दुसरी सून बरी होती," असं परवा म्हणाल्यासुद्धा.

पुढच्या हंगामात पुन्हा जायचं आलं. विमान उतरलं, लोक उभे राहून बॅगा ओढायला लागले, जो तो फोनमध्ये बोलत होता. मी नंबर लावला. एक रिंग होऊ दिली आणि कापला.

मग फोन हातात धरून बसून राहिले. शेजारचा माणूस मला ओलांडून गेला तरी उठले नाही. थोड्या वेळाने हातातला फोन एकदाच थरथरला आणि गप्प झाला.

पोचलं होतं.